अठरा खाटांचे घर

रात्रपाळीच्या मावशी ज्या वहीत आपल्या नोंदी करतात, ती वही प्रथमदर्शनी कोणाही वाचकाला नीरस वाटावी अशीच आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, दुकानांतून रोजकीर्दीसाठी वापरतात तसली ती वही. आणि तिच्यात सातवीपर्यंत शिकलेल्या हाताच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते : ‘२ वाजता कूस बदलली. उजवी टाच गरम लागते. चोळली नाही, पोटरीखाली उशी दिली.’ ‘३ वाजून २० मि. आजी जाग्या. पाणी चार चमचे, ठसका नाही. आईला हाका मारत होत्या. जवळ बसले.’ ‘५ वाजता लघवी कमी, रंग गडद. ताईंना सांगणे.’ पानामागून पान असेच. परंतु ही वही सलग वाचत गेले असता हळूहळू ध्यानात येते की, वार्धक्याविषयी आपल्याकडे जे विपुल लेखन झाले आहे, ज्यात कृतघ्न पुत्रांची निर्भर्त्सना आहे, एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाची मीमांसा आहे आणि वानप्रस्थाश्रमाचे गुणगानही आहे, त्या सगळ्यात सहसा न आढळणारी एक वस्तू येथे आहे; ती म्हणजे एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट देहाची दर दोन तासांनी घेतलेली खबर.

हे घर पुण्याच्या नैर्ऋत्येस, खडकवासल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका जुन्या बंगल्यात आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, आणि तेथे राहणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. कारण ज्यांनी मला आपल्या खाटेशेजारी बसू दिले, त्यांपैकी अनेकजण अनुमती देण्याच्या किंवा नाकारण्याच्या अवस्थेत आज राहिलेले नाहीत. खाटा अठरा. चालते-फिरते पाचजण वरच्या मजल्यावर, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे आणि अंथरुणाला खिळलेले असे तेरा खाली. पुढे फरसबंद अंगण, अंगणाच्या कडेने भिंतीला पक्का बसविलेला लोखंडी कठडा, आणि कंपाउंडला एकच फाटक. संचालिका पूर्वी एका रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांना सारे ‘ताई’ म्हणतात. सेवा करणाऱ्या स्त्रिया त्या ‘मावशी’, पुरुष ते ‘मामा’; राहणारे आजी, आजोबा, आणि जे निवृत्त होऊन फार वर्षे झालेली नाहीत ते ‘काका’. या नात्यांच्या संबोधनांनी रक्ताचे नाते निर्माण होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रात्री दोन वाजता परक्या स्त्रीकडून आपले ओले अंथरूण बदलून घेताना तिला हाक मारण्यासाठी काहीतरी शब्द हवा असतो, आणि ‘मावशी’ हा शब्द ते काम करतो.

वृद्धाश्रमासंबंधी आपली सारी चर्चा फाटकापाशी येऊन थांबते. कोणी कोणाला आणून सोडले, मुलगा महिन्यातून किती वेळा येतो, सून काय म्हणाली, याची चौकशी झाली की आपले समाधान होते. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि त्यानंतर ‘संध्याछाया’ आले. त्या नाटकांनी महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला जे रडविले ते खरेच होते, आणि त्या अश्रूंचे मोल मला कमी लेखावयाचे नाही. तथापि त्या नाटकांतली म्हातारपणाची व्यथा ही मुख्यत्वे मानभंगाची आणि एकाकीपणाची व्यथा आहे, आणि आज अशा घरात येणाऱ्या माणसांची कैफियत बहुधा निराळी असते. येथे राहणाऱ्या एका आजींना त्यांच्या सुनेने सहा वर्षे घरी सांभाळले. कूस बदलली, भरविले, धुतले. आणि सातव्या वर्षी त्या सुनेच्याच कण्याने दगा दिला, तेव्हा आजींना येथे आणले. ती सून दर गुरुवारी कमरेला पट्टा बांधून येते आणि सासूचे केस विंचरून देते. तिला फाटकापाशी अडवून नैतिक प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, असे मला वाटत नाही.

आत काय चालते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पहाटे साडेपाचपासून सुरू होते. त्या वेळी दोन मावशी खालच्या खोल्यांतून फिरतात आणि प्रत्येकाचे डायपर, पाठ, माकडहाड, टाचा, कोपरे पाहतात. ज्याला स्वतःहून कुशीवर वळता येत नाही, अशा माणसाच्या हाडाच्या उंचवट्यांवरील कातडी गादी आणि हाड यांच्यामध्ये दाबली जाते, तिच्यातले रक्ताभिसरण मंदावते आणि थोड्या तासांत तेथे व्रणाची सुरुवात होऊ शकते. गोऱ्या कातडीवर ती लाली दिसते व बोटाने दाबली असता पांढुरकी होत नाही; पण सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, म्हणून तेथे हात लावून पाहावे लागते : आसपासच्या भागापेक्षा तो भाग गरम आहे काय, किंवा कठीण लागतो काय. अशा जागी पूर्वी स्पिरिट किंवा पावडर लावून जोराने चोळीत असत. त्याने खालच्या नाजूक पेशींना अधिकच इजा होते हे आता सिद्ध झाले आहे, आणि म्हणूनच ‘चोळली नाही’ या दोन शब्दांची वहीत स्वतंत्र नोंद असते. हवेची गादी उपयोगी पडते. परंतु गादी आहे म्हणून कूस बदलणे सोडून दिले की व्रण होतोच. या घरात गेल्या कित्येक महिन्यांत नवा शय्याव्रण झाला नाही, असे ताई सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या स्वरात जो अभिमान असतो तो अगदी रास्त आहे.

अंघोळ हा त्याहून नाजूक विषय. ज्या पिढीच्या स्त्रियांनी नवऱ्यासमोरही कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना ऐंशीव्या वर्षी अनोळखी हातांनी विवस्त्र करणे हे केवळ स्वच्छतेचे काम म्हणून उरकून चालत नाही. येथील रीत अशी की अंगावर एक मोठे पंचाचे कापड राहू द्यावयाचे, त्याच्या खालून पाणी ओतावयाचे, त्याच्या खालूनच साबण लावावयाचा, आणि ओले कापड काढण्याआधी कोरडे वर आलेले असले पाहिजे. वेळ दुप्पट लागतो. एका आजोबांना मामांनीच अंघोळ घालावी लागते, एका आजींना गरम पाण्याची वाफ दिसल्याशिवाय पाण्यात हात घालवत नाही, आणि एकींना स्नानानंतर कुंकू लावल्यावाचून अन्न जात नाही, जरी त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली असली आणि ते त्यांच्या स्मरणात राहिले नसले तरी. कुंकवाची डबी त्यांच्या उशाशी ठेवलेली आहे. ताईंनी त्यांच्या मुलीला विचारले, मुलगी म्हणाली, “लावू दे हो तिला.” तेथे तो प्रश्न संपला.

जेवणाच्या वेळी मात्र जी गोष्ट मी पाहिली ती लिहिताना मन विषण्ण होते. स्मृती जाते, नातवंडांची नावे जातात, आपण कोणत्या गावी आहोत हेही जाते. पण सोवळे-ओवळे आणि जात कित्येकांच्या जिभेवर शेवटपर्यंत शिल्लक राहते. भरविण्यासाठी पुढे आलेल्या मावशीला ‘तू कोणाची?’ म्हणून विचारणारे, आणि उत्तर मनास न आल्यास चमचा दूर सारणारे लोक या घरात आहेत. मावशी ते ऐकून घेतात. “डोकं जागेवर नाही त्यांचं, त्यांचं काय मनावर घ्यायचं?” असे त्यांतील एक मला म्हणाल्या, पण थोडे थांबून त्याच पुढे म्हणाल्या, “जागेवर होतं तेव्हाही हेच बोलत असतील.” ताईंनी या बाबतीत एक नियम केला आहे आणि तो प्रवेशाच्या वेळीच नातेवाइकांना स्पष्ट सांगितला जातो : कोण कोणाला भरवील हे पाळीप्रमाणे ठरेल, मागणीप्रमाणे मावशी बदलून मिळणार नाहीत. दोन कुटुंबांनी या कारणास्तव प्रवेश घेतला नाही. तो नियम योग्यच आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

भरविणे ही स्वतः एक विद्या आहे. मेंदूच्या विकारात गिळण्याची क्रिया बिघडते, आणि सर्वांत धोकादायक ठरते ते पातळ पाणी. कारण ते घशाला सावध होण्यास अवसर न देता श्वासनलिकेत उतरते, आणि त्यातून फुप्फुसाचा दाह होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून पाणी दाट करून, पेजेच्या वा नाचणीच्या सत्त्वाच्या रूपाने, अर्धा चमचा एका वेळी. माणूस पूर्ण बसता केलेला, हनुवटी किंचित खाली. एक घास गिळल्याची खातरजमा झाल्यावरच दुसरा. आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करावयाचे नाही. मुगाची मऊ खिचडी, ताकभात, दुधात कालवलेली पोळी, शिजवून कुस्करलेला भोपळा हे येथील नित्याचे अन्न. एका माणसाला भरविण्यास पाऊण तास लागतो. भरवावे लागणारी माणसे सात आहेत, आणि एका वेळी भरविणाऱ्या मावशी तीन. हा हिशेब ज्याने एकदा कागदावर मांडून पाहिला, त्याला अशा संस्थेत घाई ही किती मोठी आपत्ती आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावते. आणि त्यातच रक्तदाबासाठी कमी केलेले मीठ व लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांच्या योगाने रक्तातील सोडियम घसरते. ‘सोडियम कमी झालं’ हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या घराघरात ऐकू येते. निरोगी माणसात लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असणारे हे प्रमाण बरेच खाली आले की माणूस बरळू लागतो, सुस्त होतो, तोल जाऊन पडतो. आणि बघणारा म्हणतो, ‘वयच झालं आता.’ मूत्रमार्गातील जंतुसंसर्गानेही ताप न येता केवळ असाच भ्रम होऊ शकतो. दोन्ही विकार वेळीच ओळखले तर बरे होतात. या पावसाळ्यात एका सकाळी मावशींनी ताईंना सांगितले की, आजी आज चहाला ‘ते’ म्हणाल्या, चहा म्हणाल्या नाहीत. एवढ्याच सुगाव्यावरून रक्त तपासले गेले आणि सोडियम धोक्याच्या पातळीखाली निघाले. ज्या डॉक्टरांनी पुढे उपचार केले ते आठवड्यातून एकदा येतात. चहाला चहा म्हणणारी आजी त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

येथे लहानपणाचा, म्हणजे संस्थेच्या लहान आकाराचा प्रश्न येतो. अठरा माणसांपैकी प्रत्येकाची बोलण्याची ढब, शौचाची वेळ, कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणत्या नावाने हाक मारली असता डोळे उघडतात, हे सारे ध्यानात ठेवणे एका मावशीला शक्य आहे. दीडशे माणसांचे ते शक्य नाही. आपल्या शासनाने मात्र वृद्धांच्या निवाऱ्याची कल्पना नेहमी मोठ्या आकड्यांतच केली आहे. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, तिच्यात एका आश्रमाची क्षमता शंभर धरलेली होती. २००७ सालच्या, आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या केंद्रीय अधिनियमाचे १९ वे कलम असे सांगते की, राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. ‘करू शकेल’ या क्रियापदात जी सवलत आहे तिचा लाभ शासनांनी भरपूर घेतला. परंतु समजा, प्रत्येक जिल्ह्यात दीडशे खाटांची एक भव्य इमारत खरोखर उभी राहिली, तरी तेथे वहीत ‘ते म्हणाल्या, चहा म्हणाल्या नाहीत’ अशी नोंद कोण करील, हा प्रश्न इमारतीच्या नकाशात सुटणारा नाही.

निराश्रितांसाठी मोठी संस्था काढण्याची परंपरा तशी जुनी आणि आदरणीय आहे. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या दातृत्वाने १८६३ साली पुण्यात अनाथ पंगु गृह स्थापन झाले. पुढच्याच वर्षी ससून पुण्यातच निवर्तले आणि लष्कर भागातील लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. ती संस्था आज ‘निवारा’ या नावाने नव्या पेठेत चालू आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षे अशा कार्यात सातत्य राखणे ही असामान्य गोष्ट होय. त्याही पूर्वी क्षेत्रवास होता. पंढरपुरास, नाशिकास, काशीस जाऊन राहणाऱ्या विधवा आणि वृद्ध यांना अन्नछत्रांचा व मठांचा आधार असे. ती व्यवस्था श्रद्धेवर चालत होती, आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेला माणूस फार दिवस जगेल ही शक्यताच गृहीत धरलेली नव्हती. आता ती शक्यता नित्याची झाली आहे. २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाचे सुमारे १० कोटी ३८ लक्ष लोक देशात मोजले गेले. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज दिला आहे.

त्या ८८ लक्षांपैकी सातजण या घरात राहतात, आणि त्यांची खरी ओळख दिवेलागणीला होते. दिवसभर शांत असलेली माणसे तिन्हीसांजेच्या सुमारास अस्वस्थ होऊ लागतात. प्रकाश कमी होतो, सावल्या लांबतात, शरीर थकलेले असते, आणि मेंदूतील दिवसरात्रीची यंत्रणाच बिघडलेली असल्यामुळे मनात एक अनामिक घालमेल सुरू होते. एक आजी उशीची खोळ काढून तिच्यात आपला कंगवा, रुमाल आणि औषधाची रिकामी बाटली बांधतात आणि फाटकापाशी जाऊन उभ्या राहतात. “मला घरी जायचंय. मुलं शाळेतून येतील, कुलूप आहे घराला.” त्यांचा मोठा मुलगा आता सेवानिवृत्त आहे. नव्याने आलेली एक मुलगी त्यांना समजावू लागली की, आजी, हेच तुमचे घर, मुले मोठी झाली. आणि आजींनी जो आक्रोश मांडला तो आवरता आवरेना. तेव्हा जुन्या मावशी पुढे झाल्या, आजींच्या हातातली खोळ त्यांनी आपल्या हाती घेतली आणि म्हणाल्या, “चला, मी येते सोडायला.” दोघी अंगणाला तीन फेऱ्या घालून आल्या. वाटेत मुलांची नावे, शाळा, डब्यात काय दिले होते, याची चौकशी झाली. तिसऱ्या फेरीला आजी म्हणाल्या, “दमले बाई, बसू या जरा.” मावशींनी असत्य असे काही सांगितले नव्हते, आजींच्या भीतीला त्यांनी सोबत केली होती.

त्यानंतर देवापाशी दिवा लागतो आणि रामरक्षा होते. ज्या माणसाला स्वतःचे नाव विचारले असता आठवत नाही, तो माणूस अडतीस श्लोकांचे स्तोत्र मधे न अडखळता म्हणतो, हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी त्याचा विस्मय ओसरत नाही. लहानपणी मुखोद्गत केलेले शब्द आणि चाली या स्मृतीच्या अशा स्तरात साठविलेल्या असतात की, अलीकडच्या घटना पुसून गेल्या तरी त्या बऱ्याच काळ टिकतात. एक आजोबा कोकणातल्या ख्रिस्ती कुटुंबातले आहेत. ते त्या वेळी आपल्या खाटेवर बसून जपमाळ ओढतात, आणि तेही एक शब्द चुकत नाहीत.

नातेवाइकांच्या भेटी बहुधा रविवारी. परदेशात असणारे मुलगे ठरलेल्या वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर येतात. ऐकू न येणाऱ्या वडिलांशी ते मोठमोठ्याने बोलतात, आणि वडील पडद्याकडे न पाहता तो हातात धरणाऱ्या मामांकडे पाहून मान डोलावतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा येथील मावशी आणि मामा आपापली घरे सोडून कित्येक आठवडे आतच राहिले, कारण रोज ये-जा केली तर रोग आत येईल ही भीती होती. नातेवाईक फाटकाबाहेरून हात हलवून परतत. त्या दिवसांसंबंधी मावशी फारसे बोलत नाहीत. “माझी पोर दहावीला होती,” एवढेच एक म्हणाल्या.

कायद्याची दाद मागून आलेले येथे एकच गृहस्थ आहेत. त्यांनी आपली राहती सदनिका पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली, आणि वर्षभरात त्यांचे सामान पडवीत आले. २००७ च्या अधिनियमाचे २३ वे कलम अशा प्रसंगासाठी आहे : सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. निर्वाहासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम देवविण्याचा अधिकारही त्या कायद्याने न्यायाधिकरणास दिलेला असून महाराष्ट्रात ते काम प्रांताधिकाऱ्यांपुढे चालते. परंतु या गृहस्थांच्या दस्तऐवजात अट लिहिलेलीच नव्हती. “घरच्या माणसाला अट काय घालायची?” हा त्यांचा प्रश्न आजही कायम आहे. माझ्या वाचकांपैकी ज्यांच्या मनात असे काही करावयाचे असेल, त्यांनी ती अट स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावी. प्रेमाला त्याने बाध येत नाही.

मृत्यू या घरात वर्षातून तीन-चार वेळा येतो. पुष्कळ ठिकाणी तो लपविण्याची पद्धत आहे. रात्री देह मागच्या दाराने नेतात आणि सकाळी ‘त्यांना मुलाकडे नेले’ असे सांगतात. येथे तसे करीत नाहीत. डॉक्टर येऊन दाखला देतात, नातेवाइकांना कळविले जाते, परदेशातून मुलगा यावयाचा असेल तर देह शवागारात ठेवण्याची तजवीज होते; पण त्याआधी देह तासभर पुढच्या खोलीत ठेवतात आणि ज्यांना यावेसे वाटते त्यांना चाकाच्या खुर्चीवरून तेथे आणतात. अंतिम स्नान मावशीच घालतात. एकदा एका आजींच्या शेजारणीने, जी स्वतः महिनोन् महिने कोणाशी बोलली नव्हती, मृताच्या पावलांवर हात ठेवून म्हटले, “पाय गार पडले, मोजे घाला की.” मावशींनी मोजे घातले.

मी ज्या मावशींविषयी हे सारे लिहितो आहे त्यांची पाळी बारा तासांची आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्याला चार सुट्या. वेतन पंधरा हजार. त्यांपैकी बऱ्याचजणी प्रथम एखाद्या ब्यूरोमार्फत आल्या, आणि तेव्हा पहिल्या महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा त्या मध्यस्थाकडे गेला. येथे मामा, स्वयंपाकीणबाई आणि झाडलोट करणारी बाई धरून एकूण चौदा माणसे काम करतात; आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेलाच अनिवार्यपणे लागू होतो. ज्या लहान आकारामुळे आजी-आजोबांना माणूस म्हणून ओळखले जाते, त्याच आकारामुळे त्यांना ओळखणाऱ्या स्त्रीला भविष्यनिर्वाह निधी मिळत नाही. २००८ साली घरेलू कामगारांसाठी राज्याने कल्याण मंडळाचा कायदा केला. पण ह्या स्त्रिया कोणाच्या घरी काम करीत नाहीत, संस्थेत करतात. रुग्णालयातील परिचारिकांप्रमाणे त्यांची नोंदणी नाही, त्यांच्या विद्येला प्रमाणपत्र नाही. टाच गरम लागते हे ओळखणारा हात या व्यवस्थेच्या लेखी अकुशल आहे. वृद्धांच्या सन्मानाची भाषा बोलणाऱ्या कोणाही सभेत, कोणाही जाहीरनाम्यात मी या हाताच्या वेतनाचा उल्लेख ऐकलेला नाही, आणि त्यावाचून तो सन्मान व्यवहारात कसा उतरावयाचा, हे मला उमगत नाही.

ज्या मावशींच्या नोंदी मी आरंभी दिल्या आहेत, त्यांचे स्वतःचे वय आता पासष्टीच्या आसपास असावे. ‘असावे’ म्हणण्याचे कारण असे की त्यांच्या जन्माची नोंद कोठेच नाही. आधार कार्डावर १ जानेवारी ही तारीख घातलेली आहे आणि साल त्यांच्या समजुतीपेक्षा चार वर्षे अलीकडचे पडले आहे. पासष्ट वर्षे पुरी झालेल्या निराधारांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी वयाचा पुरावा लागतो, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे, महिना पावणेदोन हजारांहून अधिक मिळविणारी स्त्री या योजनेत बसत नाही. काम करीत आहेत तोवर त्यांना ती मिळणार नाही, आणि काम सोडल्यावर अर्ज करावयाचा तर आधी सालाची दुरुस्ती झालेली हवी. कचेरी उघडते तेव्हा त्या झोपेत असतात.

बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात, असा प्रस्ताव ताईंनी यंदा गणेशोत्सवानंतर नातेवाइकांच्या बैठकीत मांडला. त्यासाठी आणखी चार मावशी लागतील आणि प्रत्येकाच्या मासिक शुल्कात वाढ होईल, हा हिशेब त्यांनी कागदावर सर्वांना दिला. चर्चा दोन तास चालली. एका गृहस्थांनी विचारले की, इतकी वर्षे जे चालले त्यात दोष काय होता, तेव्हा कमरेला पट्टा बांधणाऱ्या त्या सूनबाई उठल्या आणि म्हणाल्या, “मी घरी चोवीस तासांची पाळी केली आहे. पहाटे चारला माझा हात कसा चालायचा ते मला माहीत आहे.” अठरांपैकी बारा कुटुंबांनी त्याच दिवशी होकार दिला, तिघांनी मुदत मागितली, तिघांचे उत्तर यावयाचे आहे. नवी व्यवस्था कार्तिक महिन्यापासून सुरू करण्याचे ताईंनी ठरविले आहे. रात्रीच्या मावशींनी दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी नातीला शाळेत पोचवता येईल, आणि मग थेट तहसील कचेरीच्या रांगेत जाऊन उभे राहता येईल.